विश्लेषण : लाइट गेली, संगणक बंद पडला, हिशेबाची फाइल उघडेना, बिघडलेला डेटाबेस परत कसा मिळतो?

दुकानातील संगणक अचानक बंद पडल्यावर हिशेबाचा डेटा बिघडला, तर तो वाचवता येतो का? पहिल्या तासात काय करावे, काय टाळावे आणि बॅकअप नसेल तर हिशेब कुठून जुळवावा, याची माहिती.

पेरणीच्या वेळी बियाणे, खत, औषधे उधारीवर उचलायची आणि कापूस विकला गेला की खाते चुकते करायचे, ही पद्धत पाचोरा, भडगाव, जामनेर परिसरात नवी नाही. पूर्वी ही बाकी वहीत असे. आता ती कृषी केंद्राच्या काउंटरवरील संगणकात असते. जून ते दिवाळी या काळात कोणी किती माल नेला, किती पैसे भरले आणि किती बाकी राहिली, हे सगळे एका फोल्डरमध्ये साठवलेले असते. अडत दुकान, मेडिकल, जिनिंग, पतसंस्था यांचीही स्थिती फार वेगळी नाही.

पावसाळ्यात वीज अचानक जाते. यूपीएसची बॅटरी आधीच संपत आलेली असते. लाइट आल्यावर संगणक सुरू होतो, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर कंपनी उघडायला नकार देते किंवा 'डेटा करप्ट' असा संदेश दाखवते. अशा वेळी दुकानदाराइतकाच शेतकरीही अडचणीत येतो. भरलेल्या पैशांची नोंद गेली, तर तेच पैसे पुन्हा मागितले जाऊ शकतात.

मात्र फाइल उघडत नाही याचा अर्थ डेटा गेला, असा नाही. अचानक बंद पडल्यामुळे झालेले नुकसान अनेकदा थोडे असते. ते वाढते ते नंतरच्या घाईमुळे.

नेमके काय बिघडते?

समजा, एका शेतकऱ्याने १८,४०० रुपयांच्या बाकीपैकी १०,००० रुपये जमा केले. संगणकाला किमान दोन ठिकाणी बदल करावे लागतात. रोख खात्यात १०,००० रुपये वाढवायचे आणि शेतकऱ्याच्या खात्यावर ८,४०० रुपये बाकी दाखवायची. पहिला बदल झाला आणि दुसरा होण्याआधी लाइट गेली, तर हिशेब अर्धवट राहतो.

दुसरी अडचण डिस्कच्या पातळीवरची आहे. डेटाबेस माहिती 'पानां'मध्ये साठवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे पान साधारण ८ केबीचे, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ केबीचे असते. डिस्क मात्र एका वेळी ५१२ बाइट किंवा ४ केबी एवढाच तुकडा खात्रीने लिहिते. त्यामुळे पान लिहिताना मध्येच वीज गेली, तर वरचा भाग नवा आणि खालचा जुना, असे 'फाटके पान' तयार होते.

तिसरे कारण सहज लक्षात येत नाही. पडद्यावर 'सेव्ह झाले' दिसते, तेव्हा माहिती प्रत्यक्ष डिस्कवर गेलेली असतेच असे नाही. वेग वाढवण्यासाठी विंडोज आणि डिस्क ती काही क्षण तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज गेली की ही मेमरी पुसली जाते.

डेटाबेस स्वतःला कसा सावरतो?

याचे उत्तर जुन्या दिवाणजींच्या पद्धतीत सापडते. दिवाणजी कोणताही व्यवहार आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत लिहीत आणि नंतर सवडीने खतावणीत खातेनिहाय उतरवत. खतावणीचे पान खराब झाले, तरी कीर्द शाबूत असेल तर ते पान पुन्हा तयार करता येत असे.

आधुनिक डेटाबेस हेच करतो. मूळ तक्त्यात बदल करण्याआधी तो 'लॉग' नावाच्या फाइलमध्ये बदलाची नोंद करतो. या पद्धतीला 'राइट अहेड लॉगिंग' म्हणतात. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर डेटाबेस आधी लॉग वाचतो आणि तीन कामे करतो. शेवटची खात्रीशीर नोंद कुठे होती ते शोधतो, डिस्कवर न पोहोचलेले बदल पुन्हा करतो आणि अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेतो. वरच्या उदाहरणात एक तर १०,००० रुपये दोन्ही खात्यांत दिसतील किंवा एकाही खात्यात दिसणार नाहीत.

ही पद्धत 'एरीस' या नावाने ओळखली जाते. आयबीएममधील संशोधक सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ती शोधनिबंधातून सविस्तर मांडली. मोहन हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. पुढे अनेक व्यावसायिक डेटाबेसनी हीच पद्धत आपापल्या परीने स्वीकारली.

मग तरीही फाइल का बिघडते?

सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी कीर्द नसते. अनेक दुकानांत आजही फॉक्सप्रो किंवा अॅक्सेसवर बनवलेली जुनी बिलिंग सॉफ्टवेअर चालतात. त्यात बदल थेट मूळ फाइलमध्ये होतो. मायएसक्यूएलमध्येही जुना 'मायआयसॅम' प्रकार असा बिघाड स्वतःहून सावरू शकत नाही. इनोडीबी सावरू शकतो आणि २०१० मधील ५.५ आवृत्तीपासून मायएसक्यूएलमध्ये तोच मूळ पर्याय आहे.

दुसरे कारण म्हणजे एकच फाइल दोन-तीन संगणकांवरून नेटवर्कद्वारे वापरणे. काउंटरवरील संगणक नोंद करत असताना मागच्या खोलीतील मुख्य संगणक बंद झाला, तर नोंद अर्धवट राहते. तिसरे कारण खुद्द डिस्क. तिचा काही भाग झिजला किंवा वाचता येईनासा झाला, तर लॉगसुद्धा उपयोगी पडत नाही, कारण तोही त्याच डिस्कवर असतो.

पहिल्या तासात काय करावे?

• नव्या नोंदी करणे लगेच थांबवा. ग्राहक थांबले असतील तर कागदावर बिले करा.

• संगणक सारखा बंद-चालू करू नका. डिस्क बिघडत असेल तर प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकते.

• सॉफ्टवेअर बंद करून संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. फक्त मोठी फाइल नको, सोबतच्या लहान फाइलीही घ्या. बिनकामाची वाटणारी एखादी फाइल नेमकी लॉगची असू शकते.

• त्या फोल्डरला तारीख आणि वेळ असलेले नाव द्या. ही प्रत उघडायची नाही. दुरुस्तीचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करायचे.

• पडद्यावरील संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तंत्रज्ञाला त्यावरून बिघाडाचा प्रकार कळतो.

• जुना बॅकअप मूळ फोल्डरवर 'रिस्टोअर' करू नका. तसे केल्यास शेवटच्या काही दिवसांचा वाचू शकणारा डेटाही पुसला जातो. रिस्टोअर नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करा.

• सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणे किंवा विंडोज नव्याने टाकणे हे उपाय सर्वात शेवटी. त्यात डिस्कवर नवी माहिती लिहिली जाते.

दुरुस्तीचे पर्याय कोणते?

बिघाड कुठे आहे, यावर उपाय ठरतो.

सर्वात सोपा प्रकार म्हणजे 'इंडेक्स' बिघडणे. वहीची अनुक्रमणिका फाटली, पण आतील पाने शाबूत आहेत, असे हे प्रकरण असते. सॉफ्टवेअरमधील 'रीइंडेक्स' हा पर्याय अनुक्रमणिका नव्याने तयार करतो आणि सहसा काहीही न गमावता काम होते.

टॅली वापरणाऱ्यांसाठी जुन्या आवृत्तीत 'रिराइट' आणि नव्या आवृत्तीत 'रिपेअर' हा पर्याय आहे. तो वापरण्याआधी प्रत घेणे आवश्यक आहे. रिपेअर करताना जी नोंद वाचता येत नाही, ती वगळली जाऊ शकते. त्यामुळे 'रिपेअर यशस्वी' हा संदेश पाहून लगेच कामाला लागू नये. व्हाउचरची संख्या, रोख शिल्लक, बँक शिल्लक आणि उधारीची एकूण बाकी आधीच्या छापील अहवालाशी किंवा सीएकडील आकड्यांशी जुळवून पाहावी. कंपनी उघडते पण मध्येच बंद पडते, अशी स्थिती असेल तर खात्यांची यादी आणि रोजकीर्द एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढून नव्या कंपनीत घेता येते. सगळी रोजकीर्द एकदम निघत नसेल, तर महिन्यानुसार आणि मग दिवसानुसार काढावी. ज्या दिवशी सॉफ्टवेअर अडते, तो दिवस वगळून बाकीचे वर्ष वाचवता येते.

इतर डेटाबेसमध्येही अशी साधने आहेत. एसक्यूलाइटमध्ये फाइल तपासण्याची आणि वाचता येतील तेवढ्या नोंदी नव्या फाइलमध्ये काढण्याची सोय आहे. इनोडीबी सुरूच होत नसेल, तर त्याला १ ते ६ या पातळ्यांवर सक्तीने सुरू करता येते. मात्र ४ आणि त्यापुढील पातळ्यांवर डेटा कायमचा बिघडू शकतो, असा इशारा मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर दुरुस्तीच्या एका पर्यायाचे नावच 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' असे आहे. डेटा गमावण्याची परवानगी देऊन केलेली दुरुस्ती, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणून बॅकअप असेल तर तो वेगळ्या ठिकाणी उघडून मधल्या दिवसांच्या नोंदी पुन्हा करणे हा मार्ग अनेकदा अधिक खात्रीचा ठरतो.

डिस्कच बिघडली असेल तर?

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, साधी फाइल कॉपी व्हायला फार वेळ लागत असेल किंवा विंडोजला डिस्क दिसतच नसेल, तर प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' चालवू नये. ती दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहीत राहते आणि आधीच थकलेल्या डिस्कवर ताण येतो. वाचता येईल तेवढ्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचे काम त्या प्रतिमेवर करायचे, ही योग्य पद्धत.

डिस्क खोलून पाहण्याचा मोह टाळावा. आतील चकती आणि ती वाचणारे टोक यांच्यातील अंतर धुळीच्या कणापेक्षाही कमी असते. म्हणूनच अशा डिस्क धूळविरहित खोलीतच उघडतात.

एसएसडीमध्ये अडचण वेगळी आहे. फाइल डिलीट झाली की 'ट्रिम' या सोयीमुळे ती जागा लवकरच खरोखर रिकामी केली जाते. त्यामुळे हार्ड डिस्कवर डिलीट झालेली फाइल परत मिळण्याची जितकी आशा असते, तितकी एसएसडीवर नसते.

डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे डिस्क देताना तपासणीचा खर्च किती, डेटा मिळाला नाही तर पैसे लागणार का आणि मिळालेला डेटा ते स्वतःकडे किती दिवस ठेवणार, हे लेखी घ्यावे. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक आणि उधारी त्यात असते.

बॅकअपच नसेल तर हिशेब कुठून जुळवायचा?

बराचसा हिशेब दुकानाबाहेरही कुठे ना कुठे नोंदलेला असतो.

• जीएसटी पोर्टल : भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री बिलनिहाय मिळते. जीएसटीआर-२बी मध्ये पुरवठादारांनी दाखवलेली खरेदी दिसते.

• ई-वे बिल : माल कधी, कुठून आला किंवा गेला आणि किती रकमेचा होता, हे कळते.

• बँक खाते आणि यूपीआय : जमा झालेल्या रकमा तारखेसह मिळतात.

• खताचे ई-पॉस मशीन : अनुदानित खताची विक्री या मशीनवर नोंदवावी लागते. त्यामुळे कोणी किती गोण्या नेल्या, याची नोंद सरकारी प्रणालीत असते.

• बाजार समितीतील हिशेबपट्ट्या, पुरवठादारांचे खातेउतारे आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेली बिले.

मात्र यातील एकाही ठिकाणी एक गोष्ट मिळत नाही. ती म्हणजे शेतकऱ्याची उधारी. शेतकरी सहसा जीएसटी नोंदणीकृत नसतो. त्याला केलेली किरकोळ विक्री विवरणपत्रात एकत्रित रकमेने जाते. ई-पॉस मशीन गोण्या सांगते, पण पैसे मिळाले की बाकी राहिले, हे सांगत नाही. रोखीने भरलेले पैसे तर बँकेतही दिसत नाहीत. म्हणजे सर्वाधिक वादाचा भाग फक्त दुकानातील संगणकात असतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २८ नुसार, नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतात. त्यात संगणकीय वह्याही आल्या. पण केवळ त्या नोंदींच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही. म्हणून उधारीच्या बिलावर शेतकऱ्याची सही आणि जमा रकमेची पावती या दोन कागदांचे महत्त्व संगणक आल्यावरही कमी झालेले नाही. शेतकऱ्यांनीही पैसे भरल्यावर पावती मागून घ्यावी किंवा खातेउताऱ्याचा फोटो काढून ठेवावा.

मोठ्या संस्थांनी डेटा कसा परत मिळवला?

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे. २१ मार्च २०२१ च्या पहाटे अडीचच्या सुमारास महामंडळाच्या यंत्रणा बंद पडल्याचे इशारे आले. 'सिनॅक' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने अॅप्लिकेशन आणि डेटाबेस सर्व्हरवरील फाइलींना कुलूप घातले होते. वेगवेगळ्या कार्यालयांतील काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. मात्र बॅकअपच्या फाइली नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्या वाचल्या, असे महामंडळाने तेव्हा स्पष्ट केले. बॅकअप त्याच सर्व्हरवर असता, तर त्यालाही कुलूप लागण्याचा धोका होता.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला. अनेक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. नंतर ई-हॉस्पिटलचा सर्व डेटा बाधा न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून मिळवून नव्या सर्व्हरवर घेतल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

याच्या उलट उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, पण ऐन वेळी एकही नीट कामी आली नाही. रोजचा बॅकअप बरेच दिवस अपयशी ठरत होता आणि तसे कळवणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. योगायोगाने सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून कंपनी सावरली. तरीही मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदी गेल्या.

नियम काय सांगतात?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. हिशेब संगणकावर असेल, तर जीएसटी नियम ५७ प्रमाणे योग्य बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या, तरी वाजवी वेळेत माहिती परत मिळाली पाहिजे, असे हा नियम सांगतो. त्यामुळे फक्त 'संगणक बिघडला' असे सांगून सुटका होईल, असे गृहीत धरू नये. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतातील सर्व्हरवर रोज बॅकअप ठेवावा लागतो.

रोज काय करावे?

जगभर '३-२-१' हा साधा नियम सांगितला जातो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक प्रत दुकानाबाहेर. छोट्या दुकानासाठी तो असा पाळता येतो :

• संध्याकाळी दुकान बंद करताना सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्या. चालू असलेल्या कंपनीचा फोल्डर तसाच कॉपी केला, तर प्रत अर्धवट निघू शकते.

• दोन पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्क आलटून-पालटून वापरा. एक दुकानात, दुसरी घरी. काम झाल्यावर ती संगणकाला लावून ठेवू नका, नाहीतर व्हायरस तिथेही पोहोचतो.

• आठवड्यातून किमान एकदा बॅकअपची फाइल पासवर्ड लावून क्लाउडवर टाका. गुगल खात्यासोबत मिळणारी १५ जीबी मोफत जागा अनेक छोट्या दुकानांना पुरते.

• चालू डेटा फोल्डर थेट क्लाउडशी 'सिंक' करून त्यालाच बॅकअप समजू नका. फाइल बिघडली, की बिघडलेली फाइलच वर जाते.

• प्रत्येक बॅकअपला तारखेचे नाव द्या आणि जुन्या प्रती लगेच पुसू नका. बिघाड कधी कधी आठ-पंधरा दिवसांनी लक्षात येतो.

• यूपीएसची बॅटरी हंगामाआधी तपासा. संगणक नीट बंद करण्याएवढी पाच-दहा मिनिटे मिळाली तरी बहुतेक काम होते.

• महिन्यातून एकदा उधारीची यादी छापून फाइलला लावा.

शेवटचे काम अनेकदा राहून जाते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि चार-पाच शेतकऱ्यांची बाकी दुकानातील आकड्याशी जुळवा. बाकी जुळली, तर बॅकअप कामाचा आहे. फाइल उघडली नाही, तर बॅकअप घेण्याची पद्धत त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.